‘काइंडली फर्निश’ लिहिल्याने आदर दिसतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही नाशिकमध्ये बसून ब्रिटनमधल्या ग्राहकांच्या हिशेबाची कामं करता आणि त्यांना रोज दहा-पंधरा ई-मेल लिहिता. तिकडच्या वरिष्ठ बाईंनी सांगितलं की तुमचं व्याकरण निर्दोष आहे, पण ग्राहकांना तुमचं पत्र म्हणजे नोटीस आल्यासारखं वाटतं. घरी वडील आहेत, त्यांची सगळी नोकरी सरकारी कचेरीत गेली. ते म्हणतात, ‘बाय’, ‘गेट’, ‘हेल्प’ हे शाळेतल्या पोरांचे शब्द. साहेबाला लिहायचं तर ‘परचेस’, ‘ऑब्टेन’, ‘असिस्टन्स’च पाहिजे. कोणाचं ऐकायचं, आणि सारख्याच अर्थाच्या अशा दोन शब्दांतून एक उचलायचा कसा? शिवाय पत्राच्या सुरुवातीला ‘रिस्पेक्टेड’ लिहू की ‘डिअर’, हेही तुम्ही विचारलं आहे.

आधी उत्तर सांगून टाकते. ग्राहकाच्या रोजच्या कामाचं पत्र असेल तर वरिष्ठांचं ऐका, साधा शब्द घ्या. वडिलांचं म्हणणं मात्र झटकून टाकू नका. त्यांना समोरच्या माणसाचा मान राखायचा आहे आणि ते योग्यच आहे. फक्त तो मान ते जिथे ठेवू बघतात तिथे इंग्रजीत तो राहत नाही. मी सव्वीस वर्षं पुण्यात इंग्रजी मसुदे तपासते आहे, आणि मराठी माणसाच्या इंग्रजीत मी सगळ्यात जास्त वेळा काय दुरुस्त केलं असेल तर ते हेच.

आपल्या भाषेत मान कुठे असतो ते बघा. ‘कागद पाठव.’ ‘कागद पाठवा.’ ‘कागद पाठवावेत.’ ‘आपण कागद पाठवावेत ही विनंती.’ चारही वाक्यांत कागद तेच आणि पाठवणंही तेच. मान वाढत गेला तो क्रियापदाच्या शेपटात आणि तू-तुम्ही-आपण या पायऱ्यांवर. त्यासाठी आपल्याला शब्द शोधावा लागत नाही, तो जिभेवरच असतो. इंग्रजीत मंत्र्यालाही ‘यू’ आणि शेजारच्या बंटीलाही ‘यू’. ‘सेंड’ला तर शेपूटच नाही. त्यामुळे ‘सेंड द पेपर्स’ लिहिताना आपल्याला अरे-तुरे केल्यासारखं ओशाळं वाटतं. मग आपण त्यावर भारी शब्दांचं उपरणं पांघरतो: ‘काइंडली फर्निश द रिक्विझिट डॉक्युमेंट्स ॲट द अर्लिएस्ट.’ लिहिणाऱ्याच्या मनात असतं, ‘कागदपत्रं जरा लवकर मिळाली तर बरं होईल हो.’ लीड्स किंवा ब्रिस्टलमधल्या दुकानदाराला मात्र ऐकू येतं, ‘आवश्यक दस्तऐवज तत्काळ सादर करावेत.’ थेट तहसील कचेरीचा सूर.

इंग्रजी माणूस अजिबात उद्धट नसतो. त्याचा मान वाक्याच्या घडणीत असतो. ‘कुड यू’, ‘वुड यू माइंड’, ‘आय वॉज वंडरिंग इफ’ अशी वाक्यं बघा. आज, आत्ता विचारायचं असूनही क्रियापद भूतकाळाकडे सरकवलेलं असतं, म्हणजे समोरच्याला नकार द्यायला थोडी जागा राहते. दुसरं, कारण सांगणं. तिसरं, मुदत स्पष्ट सांगणं, म्हणजे त्याला अंदाज बांधत बसावं लागत नाही. ‘कुड यू सेंड अस युअर मार्च बँक स्टेटमेंट बाय फ्रायडे? वुई नीड इट टू फाइल युअर टॅक्स रिटर्न ऑन टाइम.’ यात चौथीच्या मुलाला अडेल असा शब्द जवळजवळ नाही आणि मानही पुरेपूर आहे. ‘ॲट द अर्लिएस्ट’मध्ये घाई आहे, पण दिवस नाही. ‘बाय फ्रायडे’मध्ये दिवस आहे.

आता या जोड्या आल्या कुठून ते थोडक्यात सांगते, कारण इतिहास कळला की निवड सोपी होते. १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं. पुढची जवळजवळ तीन शतकं दरबार, कोर्टकचेरी आणि उमराव यांची भाषा फ्रेंच होती, चर्चची आणि विद्वानांची लॅटिन, आणि शेतात, स्वयंपाकघरात, गोठ्यात इंग्रजी. १३६२ मध्ये कोर्टात तोंडी कामकाज इंग्रजीत चालावं असा कायदा झाला, पण तो कायदाच फ्रेंचमध्ये लिहिलेला होता आणि नोंदी लॅटिनमध्ये ठेवायच्या होत्या. नोंदींतून लॅटिन हटायला १७३३ उजाडलं. म्हणून एकाच गोष्टीला घरातला एक शब्द आणि कचेरीतला एक, असं झालं: ‘बिगिन’ आणि ‘कमेन्स’, ‘बाय’ आणि ‘परचेस’, ‘आस्क’ आणि ‘इन्क्वायर’. वकिलांनी तर दोन्ही भाषांचे लोक समजावेत म्हणून जोडशब्दच रूढ केले असं सांगितलं जातं. ‘विल अँड टेस्टामेंट’मधला ‘विल’ इंग्रजी आणि ‘टेस्टामेंट’ लॅटिन. ‘गुड्स अँड चॅटल्स’मधलं पहिलं इंग्रजी, दुसरं फ्रेंच.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. ‘कागदपत्र’मधला कागद फारसीतून आला, पत्र संस्कृत. ‘धनदौलत’ तसंच, ‘बाजारहाट’ तसंच. पण एक मोठा फरक आहे आणि तो लक्षात ठेवा. इंग्रजीत जेत्यांची भाषा वर बसली ती बरीचशी वरच राहिली. मराठीत दरबारी फारसी-अरबी शब्द खाली गल्लीत उतरले. मदत, खरेदी, सुरू, अर्ज, जमीन हे आज आपले अगदी घरचे शब्द आहेत, आणि साहाय्य, क्रय, आरंभ हे संस्कृत शब्द व्यासपीठावर. महाराजांनी कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला, तरी मदत आणि खरेदी जिभेवरून हलले नाहीत. तेव्हा शब्द परका की देशी यावरून तो जड की हलका हे ठरत नाही. इंग्रजीतही ठरत नाही. ‘व्हेरी’, ‘यूज’, ‘ट्राय’, ‘पे’, ‘पीपल’, ‘प्लेस’ हे सगळे फ्रेंचमधून आलेत आणि तीन वर्षांचं इंग्रज पोरही ते वापरतं. उलट ‘हिअरबाय’, ‘हिअरविथ’, ‘फोर्थविथ’, ‘व्हेअरइन’ हे अस्सल इंग्रजी वळणाचे असूनही इतके जड आहेत की पत्र त्यांनी खाली वाकतं. काही शिक्षक सांगतात की मूळ इंग्रजी शब्द तेवढे घ्या. त्या सल्ल्याने माझ्या पाहण्यात कोणाचं फारसं भलं झालेलं नाही. शब्दाचं कूळ बघू नका, तो आज कोणाच्या तोंडात आहे ते बघा.

खरी मेख पुढे आहे. समानार्थी म्हणून शिकवलेल्या जोड्या बहुतेक वेळा समानार्थी नसतात. एक उदाहरण जवळून दाखवते. काही वर्षांपूर्वी साताऱ्याकडचा एक मुलगा माझ्याकडे नोकरीचा अर्ज घेऊन आला. दोन वर्षांचं कंत्राट त्याने उत्तम पूर्ण केलं होतं, वर शिफारसपत्रही मिळवलं होतं. अर्जात त्याने लिहिलं होतं: ‘माय कॉन्ट्रॅक्ट वॉज टर्मिनेटेड इन मार्च.’ ‘एंड’पेक्षा ‘टर्मिनेट’ भारदस्त, म्हणून. तीन ठिकाणी त्याला मुलाखतीत पहिलाच प्रश्न आला होता, तुमचं काय चुकलं होतं? त्याला कळेना, असं का विचारतात. नोकरीच्या संदर्भात ‘टर्मिनेटेड’ म्हटलं की वाचणारा ‘काढून टाकलं’ असंच समजतो. ‘माय टू-इयर कॉन्ट्रॅक्ट एंडेड इन मार्च’ एवढं केलं. शब्द लहान झाला आणि त्याच्यावरचा न केलेल्या गुन्ह्याचा डाग गेला.

‘डिमांड’चं असंच. मराठीत ‘मागणी’ हा शांत शब्द आहे. मुलीला मागणी घालतात, पावतीची मागणी करतात. म्हणून ‘आय डिमांड अ रिसीट’ असं लिहिलं जातं आणि काउंटरवरचा माणूस दचकतो, कारण इंग्रजीत ‘डिमांड’ म्हणजे टेबलावर मूठ आपटून मागणं. ‘कुड आय हॅव अ रिसीट, प्लीज?’ बास. ‘इंटिमेट’ आपल्याकडे ‘कळवा’ या अर्थाने चालतो. बाहेर तो शब्द सलगीच्या, शरीराच्या जवळिकीच्या अर्थाने आधी डोळ्यांत भरतो. ‘लेट अस नो’ लिहा. ‘रिव्हर्ट’ आपण ‘उत्तर द्या’ म्हणून वापरतो. तिकडे तो ‘पूर्वीच्या स्थितीला परत जाणं’ असतो. ‘रिप्लाय’ पुरे.

नात्यांचे शब्दही बघा. मामाला आपल्याकडे स्वतंत्र शब्द, म्हणून रजेच्या अर्जात ‘माय मॅटर्नल अंकल’ येतो. अर्थ चूक नाही, पण इंग्रजी कानाला ते वंशावळीच्या तक्त्यातलं वाटतं. ‘मॅटर्नल’ आणि ‘मदर्ली’ दोन्ही आईचेच, तरी ‘मॅटर्नल’ इस्पितळात आणि रजेच्या नियमांत राहतो, ‘मदर्ली’ मांडीवर. ‘माय मदर्स ब्रदर’ किंवा नुसतं ‘माय अंकल’ म्हटलं की मामा पुन्हा माणूस होतो. ‘हार्टी’ आणि ‘कॉर्डियल’ हे दोन्ही हृदयावरून आलेले. आपल्याकडे ‘मनापासून’ आणि ‘हार्दिक’ यांचं हुबेहूब तसं आहे. ‘हार्दिक स्वागत’ कमानीवर लिहितात. दारात आलेल्या पाहुण्याला कोणी ‘या, आपलं हार्दिक स्वागत’ म्हणत नाही. दोन देशांचे संबंध ‘कॉर्डियल’ असतात. आत्याने पाठीवर हात ठेवून केलेलं स्वागत ‘कॉर्डियल’ नसतं, ते ‘वॉर्म’ असतं.

सांत्वनाच्या पत्रांत मला सगळ्यात वाईट वाटतं, कारण तिथे लिहिणाऱ्याचं मन खरं असतं आणि शब्द ते पोचू देत नाहीत. ‘डाइड’ म्हणजे आपल्याला ‘मेले’ वाटतं आणि ते लेखणीतून उतरत नाही. मराठीत ते बरोबरच आहे. वडील वारतात, जातात, त्यांचं निधन होतं, ते ‘मरत’ नाहीत. पण ‘डाइड’ हा ‘मेले’ नाही. तो ‘वारले’ इतकाच सभ्य, सरळ शब्द आहे, आणि दुःखातली माणसं स्वतःही तो वापरतात. तो टाळायला आपण ‘एक्स्पायर्ड’ लिहितो, जो तिकडे दुधाच्या बाटलीला आणि पासपोर्टला लावतात, किंवा ‘सॅड डिमाइज’ लिहितो, जो आज एखादी कंपनी बुडाली की बातमीत दिसतो. ‘आय वॉज सो सॉरी टू हिअर दॅट युअर फादर डाइड’ असं निःशंक लिहा. फारच धीर होत नसेल तर ‘पास्ड अवे’ आहे, तो मऊ आहे आणि सगळीकडे चालतो. इथे मराठीच्या तराजूवर इंग्रजी शब्द तोलला की वजन चुकतं.

साध्या शब्दाचा आग्रह मी इतक्या पोटतिडकीने का धरते, त्यामागे एक प्रसंग आहे. आमच्या जुन्या वाड्यात एक बाई राहायच्या, शिवणकाम करणाऱ्या. यजमान गेले, विम्याचा दावा केला. काही महिन्यांनी पत्र आलं: ‘ऑन स्क्रूटिनी, द क्लेम स्टँड्स रिप्युडिएटेड ड्यू टू नॉन-डिस्क्लोजर ऑफ मटेरियल फॅक्ट्स.’ त्यांचा मुलगा अकरावीला होता. त्याने वाचलं, ‘क्लेम स्टँड्स’, म्हणजे दावा उभा आहे, टिकला आहे. पुढच्या शब्दात त्याला ‘रेप्युटेड’ दिसला, म्हणजे काहीतरी चांगलंच. त्या दोघांनी चार महिने पैशांची वाट पाहिली. पत्र त्यांनी देवघरातल्या डब्यात ठेवलं होतं. एका रविवारी सहज माझ्या हातात आलं तेव्हा मी वाचलं आणि मला ते त्यांना मराठीत सांगायला शब्द सुचेनात. दावा फेटाळला होता. विमा लोकपालाकडे तक्रार करायला एक वर्षाची मुदत असते, त्यातले चार महिने त्या एका क्रियापदाने खाल्ले. ‘वुई कॅनॉट पे धिस क्लेम’ एवढं लिहिलं असतं तर त्या मुलाला पहिल्याच दिवशी कळलं असतं. पत्र लिहिणाऱ्या कारकुनाने मुद्दाम काही केलं नसणार. नेहमीचा शब्द त्याच्या हाताला आला, इतकंच. ते पत्र वाचणार कोण, हा विचार मात्र त्या शब्दामुळे राहून गेला.

दवाखान्यातही हे रोज घडतं. ‘हायपरटेन्शन’ ऐकून माणूस म्हणतो, ‘मला कसलं टेन्शन नाही हो डॉक्टर.’ आपल्या बोलीत टेन्शन म्हणजे काळजी, म्हणून काळजी नसलेला माणूस गोळी बंद करून मोकळा होतो. ‘हाय बीपी’ म्हटलं की बरोबर जागी पोचतं. फाइलमध्ये डॉक्टरने ‘हायपरटेन्शन’च लिहावं, दुसऱ्या डॉक्टरला तोच नेमका शब्द हवा असतो. रोग्याच्या हातातल्या कागदावर मात्र नको.

म्हणजे जड शब्दाला हक्काच्या जागा आहेत. त्या तिथून हलवायच्या नाहीत. कायद्यात ‘कन्सिडरेशन’ म्हणजे मोबदला. १८७२च्या करार कायद्यात त्याची व्याख्या आहे, त्याच्या जागी ‘थॉट’ किंवा ‘प्राइस’ घातलं की अर्थ मोडतो. दस्त ‘एक्झिक्यूट’ करणं म्हणजे रीतसर सही करून तो पुरा करणं. तिथे ‘कॅरी आउट’ चालणार नाही. १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात भाडेपट्टा ‘डिटरमाइन’ होतो, म्हणजे संपतो. हा अर्थ बाहेर कुठे सापडायचा नाही. आपल्या जवळजवळ प्रत्येक कायद्याच्या पहिल्या कलमात ‘कमेन्समेंट’ असतं, कारण तिथे एका ठरलेल्या तारखेपासून अंमल सुरू होतो. तिथे ‘कमेन्स’ शोभतो. ‘लेट अस कमेन्स द मीटिंग’मध्ये शोभत नाही, आणि गाडी तर कोणीच ‘कमेन्स’ करत नाही, ती ‘स्टार्ट’च होते.

पण ही हक्काची जागासुद्धा वाटते त्यापेक्षा लहान आहे. इंग्लंड आणि वेल्सच्या दिवाणी न्यायालयांनी २६ एप्रिल १९९९ पासून नवे नियम आणले आणि शतकानुशतकं चालत आलेले शब्द बदलले. ‘प्लेंटिफ’चा ‘क्लेमंट’ झाला, ‘रिट’चा ‘क्लेम फॉर्म’, ‘सपीना’चा ‘विटनेस समन्स’, ‘लीव्ह’ची ‘परमिशन’, ‘इन कॅमेरा’चं ‘इन प्रायव्हेट’. कोर्टाचा दरारा त्याने कमी झाला नाही. अमेरिकेत १३ ऑक्टोबर २०१० रोजी कायदाच झाला की संघराज्याच्या खात्यांनी जनतेसाठीचे कागद साध्या इंग्रजीत लिहावेत. आणि तुमच्या वडिलांना हे जरूर दाखवा: ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळाच्या लेखननियमांत स्पष्ट सांगितलं आहे की ‘परचेस’ऐवजी ‘बाय’, ‘असिस्ट’ऐवजी ‘हेल्प’ आणि ‘ॲप्रॉक्झिमेटली’ऐवजी ‘अबाउट’ लिहा. ज्या साहेबासाठी वडील ‘परचेस’ सांगतात, तो साहेब आता स्वतः ‘बाय’ लिहितो. वडिलांनी नोकरीत जे शिकलं ते त्या काळच्या साहेबाकडून बरोबरच शिकलं होतं. साहेब पुढे गेला, आपल्या कचेऱ्यांतले नमुने तिथेच राहिले.

एका बाबतीत मात्र मी साध्या इंग्रजीच्या पुरस्कर्त्यांशी वाद घालते. इंग्रजाच्या घरातलं ‘साधं’ म्हणजे पुष्कळदा दोन-तीन चिमुकल्या शब्दांची जोडगोळी: ‘पुट ऑफ’, ‘पुट अप विथ’, ‘लुक इंटू’, ‘गेट बाय’. त्याला ती सोपी, कारण ती तो आईकडून शिकला. आपल्याला ‘पोस्टपोन’ सोपा आणि ‘पुट ऑफ’ अवघड, कारण ‘पुट’ कळतो, ‘ऑफ’ कळतो, आणि दोन्ही मिळून काय झालं ते कळत नाही. चेन्नईच्या माणसालाही तसंच. स्पेन, ब्राझील किंवा इटलीतल्या माणसाच्या स्वतःच्या भाषेतच ‘टॉलरेट’चा भाऊ असतो, ‘पुट अप विथ’चा नसतो. तेव्हा तुमचं पत्र मँचेस्टरला जात असेल तर ‘वुई विल लुक इंटू इट’ उत्तम. साओ पाउलोला जात असेल तर ‘वुई विल इन्व्हेस्टिगेट’ बरं. साधा शब्द म्हणजे वाचणाऱ्याला साधा.

शब्दापेक्षाही एक गोष्ट पत्र जास्त जड करते, ती म्हणजे क्रियापदाचं नाम करून टाकणं. ‘हेल्प’चं ‘प्रोव्हाइड असिस्टन्स टू’, ‘पे’चं ‘मेक पेमेंट ऑफ’, ‘चेक’चं ‘कॅरी आउट व्हेरिफिकेशन ऑफ’. आपल्या ‘मदत करणे’, ‘भरणा करणे’, ‘तपासणी करणे’ या सवयीतून हे आपोआप येतं. मराठीत ती चूक नाही, आपली क्रियापदं अशीच बनतात. इंग्रजीत तेच केलं की वाक्यातून माणूस नाहीसा होतो. रेल्वे स्टेशनवर आपण सगळ्यांनी ऐकलं आहे, ‘द इनकन्व्हीनियन्स कॉज्ड इज डीपली रिग्रेटेड.’ कोणी केली गैरसोय आणि खेद कोणाला होतोय? वाक्यात कोणी नाहीच. ‘वुई आर सॉरी द ट्रेन इज लेट’ यात निदान कोणीतरी समोर उभं आहे.

आता तुम्ही पाठवलेला ई-मेल घेते. मूळ असा होता:

‘रिस्पेक्टेड सर, धिस इज टू इन्फॉर्म यू दॅट द इनव्हॉइसेस पर्टेनिंग टू द मंथ ऑफ एप्रिल हॅव नॉट बीन रिसीव्ड ॲट अवर एंड. यू आर रिक्वेस्टेड टू काइंडली फर्निश द सेम प्रायर टू द १५थ इन्स्टंट, फेलिंग विच वुई शॅल बी अनेबल टू कमेन्स द प्रिपरेशन ऑफ युअर व्हॅट रिटर्न. शुड यू रिक्वायर एनी असिस्टन्स, काइंडली इंटिमेट.’

मी तो असा केला:

‘डिअर मिस्टर —, वुई डोन्ट हॅव युअर एप्रिल इनव्हॉइसेस येट. कुड यू सेंड देम बाय १४ मे? वुई नीड देम टू स्टार्ट युअर व्हॅट रिटर्न. इफ एनी आर मिसिंग, जस्ट लेट मी नो अँड आय विल हेल्प.’

काय काय बदललं ते बघा. ‘फेलिंग विच’ गेलं, ती धमकी होती; तिची जागा कारणाने घेतली. ‘इन्स्टंट’ म्हणजे चालू महिना, हा अर्थ आज तरुण इंग्रजालाही माहीत नसतो. त्याच्या जागी तारीख आली. ‘प्रायर टू १५’ म्हणजे पंधराच्या आत, मग सरळ चौदा. ‘द सेम’ हे आपल्या कचेरीतल्या ‘सदर’चं इंग्रजी रूप आहे, ‘देम’ पुरे. ‘इनव्हॉइस’ आणि ‘व्हॅट रिटर्न’ यांना मी हात लावला नाही, कारण ते कामाचे नेमके शब्द आहेत आणि ग्राहकाला ते माहीत आहेत. आणि शेवटच्या वाक्यात ‘मी’ आला. या ‘आय विल हेल्प’मध्ये जो मान आहे तो ‘शुड यू रिक्वायर एनी असिस्टन्स’मध्ये नव्हता, कारण आता एक माणूस दुसऱ्या माणसाचं काम अंगावर घेतो आहे.

रोजच्या कामात शंका आली तर मी दोन गोष्टी करते. एक, ते वाक्य फोनवर त्याच ग्राहकाला म्हणता येईल का ते मोठ्याने म्हणून बघते. ‘काइंडली इंटिमेट’ फोनवर तोंडातून निघणारच नाही. दुसरं, परदेशी विद्यार्थ्यांसाठी केलेला लर्नर्स शब्दकोश उघडते, नुसता अर्थ देणारा नाही. त्यात शब्दापुढे ‘फॉर्मल’ असा शिक्का असतो आणि खाली वापराची वाक्यं. शिक्का दिसला की स्वतःला विचारायचं, इथे साध्या शब्दाने अर्थ बदलतोय का? बदलत असेल तर जड शब्द राहू द्या. नसेल तर काढा.

आयेल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेसाठी किंवा प्रबंधासाठी लिहिणाऱ्यांनाही हाच घोर असतो. क्लासमध्ये त्यांना ‘प्लेथोरा’, ‘मिरियड’, ‘युटिलाइज’ पाठ करायला लावतात. तिथे ‘किड्स’ऐवजी ‘चिल्ड्रन’, ‘अ लॉट ऑफ’ऐवजी ‘मेनी’ एवढी पायरी चढावी लागते, ते खरं. पण परीक्षक शब्द कोणत्या शब्दाशेजारी शोभतो हेही बघतो. ‘युटिलाइज अ पेन’ने गुण वाढत नाहीत.

राहिला ‘रिस्पेक्टेड’चा प्रश्न. तुम्हाला ‘डिअर’ लिहायचा संकोच वाटतो, कारण डोळ्यांसमोर ‘प्रिय’ येतो, आणि अनोळखी पुरुष ग्राहकाला ‘प्रिय’ कसं म्हणायचं. पण पत्राच्या सुरुवातीचा ‘डिअर’ हा ‘प्रिय’ नाही. तो आपल्या ‘स.न.वि.वि.’सारखा आहे, आत येण्याआधी चपला काढाव्यात तसा. कर्ज नाकारणारी बँकही तिथे ‘डिअर’च लिहिते. ‘रिस्पेक्टेड सर’ त्यांच्या पत्रात कुठेच नसतो, त्यामुळे तो वाचून त्यांना आपण मान दिला असं न वाटता, कोणीतरी फार लांबून बोलतंय असं वाटतं. आडनाव माहीत असेल तर ‘डिअर मिझ’ (Ms) किंवा ‘डिअर मिस्टर’ आणि आडनाव, शेवटी ‘काइंड रिगार्ड्स’. टपालाने जाणाऱ्या रीतसर पत्रात नाव माहीत असेल तर ‘युअर्स सिन्सिअरली’, आणि ‘डिअर सर ऑर मॅडम’ने सुरू केलं असेल तर ‘युअर्स फेथफुली’. आणि त्या ग्राहकाने उत्तरात नुसतं आपलं पहिलं नाव लिहून सही केली, तर पुढच्या पत्रात ‘डिअर’ आणि ते पहिलं नाव लिहा. त्याने तुम्हाला ओसरीवरून आत बोलावलं आहे.